बाजीनानांच्या जस्ताच्या गोळ्या

एका जंगलात, मुलांनो, आजार थोडे होते आणि आजारांची माहिती भरपूर होती. माहिती देण्याचं काम हुप्पेसरांकडे होतं. हुप्पेसर म्हणजे वानर. ते उंबराच्या शेंड्यावर बसून मोबाइलवर आरोग्याचे व्हिडिओ टाकत. डॉक्टर नव्हते ते. पण इतक्या उंचावरून बोलत, की सगळ्यांना खरंच वाटे.

त्याच जंगलात बाजीनाना नावाचे एक साळिंदर राहत. एका सकाळी अंग झटकताना नानांच्या पाठीवरचे दोन काटे गळले. नानांच्या काळजात धस्स झालं. लेक अबोलीची सोयरीक ठरत आली होती. चार दिवसांनी मुलाकडे जायचं होतं. मुलगा अबोलीला फार आवडला होता. आणि आता व्याही काय म्हणतील? मुलीच्या बापाला टक्कल?

"अहो, काटे गळतात नि परत येतात," त्यांची बायको गिरिजानानी म्हणाली. "दरवर्षीचंच आहे हे."

"तू व्हिडिओ बघतेस का?"

नानी व्हिडिओ बघत नव्हती. वाद तिथेच मिटला.

हुप्पेसरांनी सांगितलं होतं, "काटे गळतात म्हणजे अंगातलं जस्त कमी झालं. झिंकची गोळी घ्या. रोज एक. महिन्यात फरक!"

महिना कुठला? नानांकडे चारच दिवस होते. मग रोज आठ घेतल्या तर? नानांना स्वतःच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं, की त्यांनी आठ गोळ्या तिथल्या तिथे गिळल्या. उपाशीपोटीच. म्हणजे गोळ्यांना वाटेत अन्नाची अडचण नको.

नानीनं गुपचूप डॉक्टरबाईंना निरोप धाडला.

पहिल्या दिवशी नानांना मळमळलं. "औषध पोचलं," नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रताळं खाल्लं तर जुन्या बादलीची कडी चघळल्यासारखं लागलं. "जस्त मुरतंय."

तिसऱ्या दिवशी पोटात असा मुरडा आला, की नाना तीनदा झुडपामागे जाऊन आले. "घाण बाहेर पडतेय!"

"नाना, तुमचा चेहरा हिरवा पडलाय," अबोली म्हणाली.

"तेज आहे ते, बाळ."

चौथ्या दिवशी सगळे मुलाच्या बिळात पोचले. मुलाचे वडील यशवंतअण्णा हात जोडून "या, या" म्हणाले. मग "आलोच हं" म्हणून लगबगीनं बाहेर गेले. त्यांच्या बायकोनं, सुभद्राकाकूंनी, कंदाची खीर केली होती. पहाटे उठून, स्वतःच्या पायांनी कंद उकरून. मुलगा नि अबोली एकमेकांकडे बघून लाजत होती.

"खीर कशी झालीय, नाना?" काकूंनी विचारलं.

नाना स्वभावानं सरळ. "बादलीसारखी," ते म्हणाले.

सुभद्राकाकूंच्या पाठीवरचे सगळे काटे खडखड करत उभे राहिले. अबोलीच्या डोळ्यांत पाणी आलं. नानांनी खुलासा करायला तोंड उघडलं, पण आतून खुलाशाऐवजी भलतंच काही वर येऊ लागलं. नाना धूम पळाले ते थेट करवंदाच्या जाळीमागे.

तिथे यशवंतअण्णा आधीच बसले होते. पोट धरून. हिरवे.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"किती?" नानांनी विचारलं. "माझ्या आठ."

"दहा," अण्णा कण्हले. "लेकाच्या लग्नात पाठ भरगच्च दिसावी म्हणून."

"उपाशीपोटी?"

"मग काय तर!"

नानांचा ऊर भरून आला. इतका समजूतदार व्याही शोधूनही सापडला नसता. दोघांनी कडकडून मिठी मारली, आणि साळिंदरं असल्यामुळे लगेच सोडली.

अण्णा नानांना धरून आत घेऊन आले. "अगं, त्यांना बोल लावू नकोस. मलाही परवापासून सगळं बादलीसारखंच लागतंय. तुझ्या धाकानं बोललो नाही."

काकूंचे काटे हळूहळू खाली बसले. लग्न तिथेच ठरलं. अबोलीनं दोन वाट्या खीर खाल्ली.

तेवढ्यात नानांचा माग काढत कासवीण डॉक्टरबाई दारात आल्या. निरोप मिळाल्यापासून त्या चार दिवस चालतच होत्या.

"गोळ्या बंद करा," त्या धापा टाकत म्हणाल्या. "मळमळ, ओकाऱ्या, जुलाब, तोंडाची चव, सगळं त्यांचंच आहे. खरंच जस्त कमी असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच घ्यायचं, तेही जेवणानंतर. उगाच जास्त घेऊन फार दिवस काढले, तर अंगातलं तांबं कमी होतं."

नाना आणि अण्णांनी एकमेकांकडे पाहिलं.

"डॉक्टरबाई," दोघं एकदमच म्हणाले, "तांब्याच्या गोळ्या कुठे मिळतात?"

डॉक्टरबाईंनी मान कवचात ओढून घेतली.

तात्पर्य: डॉक्टरांना न विचारता एकट्यानं गोळ्या घेतल्या तर तो मूर्खपणा ठरतो. म्हणून व्याह्यांना सोबत घ्यावं.