बारशाचा वरवंटा सातवी 'ब'मध्ये

अवंतिका मॅडमनी ठरवलं ते एवढंसंच. वरवंटा सकाळी पिशवीत घालायचा, सातवी 'ब'ला दाखवायचा आणि चारच्या आत जिथल्या तिथं ठेवायचा. बारसं सहाला. मधे दोन तास ऐसपैस. (मॅडमचे सगळेच बेत असे ऐसपैस असतात.)

बारसं नणंदेच्या, म्हणजे तेजस्वीच्या लेकीचं. बाळाला पाळण्यात घालायच्या आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्याखालून-वरून फिरवायचं, मग बाळाची पाळी. ह्या घरातला वरवंटा सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, राधानगरीकडच्या माहेराहून आणलेला. सत्तेचाळीस वर्षांत घरातलं प्रत्येक पोर त्याच्या मागनं पाळण्यात गेलं. अक्का मिक्सर कुणालाही वापरू देतील, वरवंट्याला हात लावू देत नाहीत. आदल्या रात्रीच त्यांनी तो धुऊन, कुंची घालून पाळण्यापाशी ठेवलेला. (कुंचीत आता लाटणं होतं.)

पण मॅडमचाही नाइलाज होता. खनिजांचा धडा चालू होता आणि शाळेच्या पेटीत नमुने सात, त्यातल्या पाचांच्या चिठ्ठ्या गळालेल्या. अभ्रक तेवढं ओळखू यायचं, बाकी सगळं 'बहुतेक क्वार्ट्झ'.

वरवंटा टेबलावर आला तशी पेंगणारी पोरं सरळ झाली. नखानं ओरखडा पडेना. खिळ्यानं ओढलं, तर दगडावर खिळ्याचीच रेघ उमटली.

"बघा, किती कठीण," मॅडम म्हणाल्या.

पहिल्या बाकावरच्या दीक्षानं विचारलं, "कठीण म्हंजे फुटत न्हाय व्हय मॅडम?"

कठीण वेगळं आणि चिवट वेगळं, एवढं सांगून थांबता आलं असतं. पण थांबतील त्या मॅडम कसल्या. "सत्तेचाळीस वर्षं मिरच्या वाटून फुटला नाही, तो आता काय फुटतोय," असं म्हणून त्यांनी पेटीतल्या हातोडीनं टिचकी मारली. टिचकीच, देवाशप्पथ.

वरवंट्याचे मधोमध दोन तुकडे झाले.

वर्गात कुणी हसलं नाही. काळ्या दगडाच्या पोटात लहान लिंबाएवढी पोकळी होती आणि तिच्यात पांढऱ्या सुया, केसासारख्या बारीक, शेवंती फुलावी तशा चहूकडून फुललेल्या. खिडकीतलं ऊन पडलं आणि सगळ्या एकदम पेटल्या.

"ह्ये आत कुणी घातलं?" दीक्षा हळूच म्हणाली.

"कुणीच नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड झाला, त्यात एक बुडबुडा अडकला. मग पाणी झिरपत झिरपत हे आत वाढत गेलं. झिओलाइट म्हणतात."

"मग आधी कुणी बघितलंच न्हाय?"

"नाही."

"म्हंजे आमीच पयलं."

चाळीस पोरं एकेक करून आली, श्वास रोखून बघून गेली. हात कुणी लावला नाही. देवळातसुद्धा एवढी शिस्त नसते.

सहा वाजता मात्र मॅडमच्या डोळ्यांपुढं साडेसहा कोटी वर्षं नव्हती, अक्का होत्या. दोन तुकडे जुळवून केसांच्या रबरानं बांधलेले, वर कुंची, कुंचीवर झबलं. पाळण्याच्या एका बाजूला मामी म्हणून त्या स्वतः, दुसऱ्या बाजूला शेजारच्या बायडाबाई. पहिली फेरी निभावली. दुसरीला रबर तुटलं आणि अर्धा वरवंटा अक्कांच्या पायाशी घरंगळला.

"आगं, डोस्कं पडलं की," बायडाबाई म्हणाल्या.

"अक्का, माझ्या हातनं फुटला," मॅडम म्हणाल्या. "शाळेत."

अक्का पुढं झाल्या. तुकडा उचलून त्यांनी दिव्याखाली धरला. बराच वेळ धरला. मग पदराच्या टोकानं त्याची कड पुसली, जपून, सुयांना धक्का न लावता. पाळणा सोडून बायका तिकडं वाकल्या. तेजस्वीही वाकली. बिननावाचं बाळ एकटंच मूठ चोखत पडलं.

"ह्यात एवढं हुतं," अक्का म्हणाल्या, "आन मी जल्मभर ठेचा वाटला." मग मॅडमकडं वळून, "आत काय हाय ते ठावं हुतं म्हणून फोडलास?"

मॅडमना 'हो' म्हणायचा फार मोह झाला. "नाही अक्का. मला वाटलं, फुटतच नाही."

"किती वर्सं शिकवतीस दगडं?"

"अठरा."

अक्कांनी दोन्ही तुकडे कुंचीत घातले, गाठ मारली आणि गाठोडं मॅडमच्या हातात दिलं.

"फिरव. पोरीचं नाव ठेवायचं हाय," त्या म्हणाल्या. "आन नीट धर. दगडात निदान फोडल्यावर कायतरी निघालं."