मुरली साहांचं जड पोतं

दारोगा तेवतियाने पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर बी बाहेर काढून उन्हात धरलं आणि विचारलं, "हे काय आहे?"

"चटणी," मुरलीलाल साह म्हणाले.

उत्तर अगदी सरळ होतं. कुमाऊंत भांगेचं बी जन्माला येतं ते चटणीसाठीच. भाजायचं, हिरवी मिरची आणि मीठ घालून पाट्यावर वाटायचं, वर लिंबू पिळायचं आणि मडव्याच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरीशी खायचं. साहांच्या आजोबांनी हेच बी विकलं, वडिलांनी हेच विकलं. त्यात नशा असती तर त्या चढणीच्या बाजारात आजवर एकही माणूस सरळ चालला नसता. पण तेवतिया मेरठकडचा. बदली होऊन नुकताच डोंगरावर आला होता, आणि येताना अमली पदार्थांवरचं कसलंसं शिबिर करून आला होता. शिबिरातून ताज्या आलेल्या माणसाला जिकडेतिकडे तेच दिसतं.

"पान काय आणि बी काय, झाड एकच ना?" तो म्हणाला.

"तुमच्या घरी खसखस खातात का, दारोगाजी?"

"खातात. का?"

"ती अफूच्या बोंडातून निघते. मातोश्रींना कधी पकडताय?"

हे साहांनी बोलायला नको होतं. दुकानासमोर जमलेली माणसं खो खो हसली आणि दारोगाचे कान लाल झाले. एखाददुसरं पोतं नमुन्याला नेलं असतं, तिथे त्याने सगळीच्या सगळी पोती उचलायचा हुकूम सोडला. साहांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आपल्या तीन पिढ्या, आपली अब्रू, या गावाने आपल्या बियांवर काढलेले हिवाळे, सगळं त्यांनी खणखणीत आवाजात दारोगाला ऐकवलं. बाजारही त्यांच्या बाजूने बोलू लागला. आणि ऐन रंगात हवालदार मनरालने मागच्या कोपऱ्यातलं पोतं हलवून पाहिलं आणि म्हणाला, "साहजी, हे भलतंच जड आहे हो."

"नवं बी आहे," साह म्हणाले. "तेल जास्त असतं."

तेवढं बोलून ते बाजूला झाले आणि पोती उचलू दिली. अन्यायाविरुद्ध इतक्या तावातावाने बोलणारा माणूस एकाएकी थंड का पडला, हे कुणालाच कळलं नाही.

कारण असं होतं. फार वर्षांपूर्वी बँकेतल्या एका पोरसवदा कारकुनाने साहांना त्यांच्याच खात्यातले पैसे देताना 'सही जुळत नाही' असं सांगितलं होतं. माझी सही मलाच जुळत नाही म्हणजे काय, असा सवाल करून ते बँकेतून जे बाहेर पडले ते परत गेले नाहीत. तेव्हापासून हाती पैसा आला की ते हल्द्वानीला जाऊन सोनं घ्यायचे. ही सोन्याची बिस्किटं आणि गिन्न्या एका जुन्या लोकरी मोज्यात बांधून कोपऱ्यातल्या त्या पोत्याच्या तळाशी ठेवलेल्या असायच्या. गिऱ्हाईक वरचं पावशेर बी नेतं, तळ कोण पाहतो?

बायकोही पाहत नव्हती, हे सगळ्यात महत्त्वाचं. त्या मुलखात घराची ऐपत बाईच्या नथीवरून मोजतात. हातातल्या बांगडीएवढी नथ, गालावर झुलणारी, हे तिथल्या लग्नाचं खरं वैभव. साहांची बायको हंसा 'मंजूचे बौज्यू', म्हणजे मंजूचे बाबा, अशी हाक मारत मुलीच्या नथीसाठी कधीपासून मागे लागली होती. मंजूचं लग्न वसंत पंचमीनंतर ठरलं होतं आणि साह अजूनही 'धंदा मंदा आहे' हेच तुणतुणं वाजवत होते. आता सोन्याचं खरं सांगावं, तर दारोगा ते नशेच्या कमाईचं म्हणून जप्त करणार. शिवाय हंसाला कळणार. या दोन्हीपैकी जास्त भीती कशाची वाटत होती, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

वकील जोशींनी मात्र दिलासा दिला. कायद्यात निव्वळ बियांना हात लावलेला नाही, खाली सपाटीवरच्या प्रयोगशाळेतून तपासणीचा अहवाल येईल, पोती जशीच्या तशी परत मिळतील, तोवर ती ठाण्यात सीलबंद आहेत. साहांना त्या लाखेच्या सीलने फार धीर आला. फुकटचा राखणदार मिळाला, असंही एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं.

तो धीर फार टिकला नाही. एका दुपारी ते सहज म्हणून ठाण्यावर डोकावले, तर गच्चीवर उन्हाला पाठ देऊन मनराल आणि दोन शिपाई बसलेले. मध्ये परात. परातीत सोललेलं मोठं पहाडी लिंबू, दही, मुळा, गूळ आणि त्यावर भाजलेल्या भांगेच्या बियांचं करडं वाटण. हिवाळ्यात त्या गावात सगळ्याच गच्च्यांवर हे चालतं, त्यात नवल नाही. नवल होतं ते बियांचं.

"मनराल, हे बी कुठलं?"

मनराल स्थानिक माणूस, त्याला खोटं बोलता आलं नाही. "तुमचंच आहे, साहजी. पण सीलला बोट लावलेलं नाही हं. कोपऱ्यातली शिवण जरा उसवली, इतकंच."

"कुठल्या पोत्याची?"

"ते जड होतं ना, त्याची. भरलेलं पोतं आहे, मूठभर गेलं तर कुणाला कळतंय?"

साहांना आधी मोजा आठवला. मागोमाग संताप आला. ज्या बियांना नशा म्हणून उचलून आणलं, वर्तमानपत्रात 'मोठा साठा जप्त' म्हणून छापून आणलं, तेच बी हे लोक लिंबाला लावून मिटक्या मारत खाताहेत. यापेक्षा निर्लज्जपणा तो काय असायचा? पण ओरडायची सोय नव्हती. तक्रार करावी तर दारोगा पोतं उघडून बघणार. न करावी तर मनरालची बोटं हिवाळा संपायच्या आत मोज्यापर्यंत पोचणार.

"ते बी नका खाऊ," साह दात आवळून म्हणाले. "कोवळं आहे, पोटाला बाधेल. मी घरून आणून देतो."

घरी हंसाने ऐकलं आणि हातातली पळी खाली ठेवली. "ज्यांनी भर बाजारात आपलं नाक कापलं, त्यांना मी चटणी वाटून घालू?"

"वकिलांनी सांगितलंय," साह म्हणाले. वकिलांच्या नावावर काय काय खपतं, याचा त्यांनाही अंदाज नव्हता. हंसाने शेजारणीकडून बी आणलं आणि वाटलं, पण पाट्यावर वरवंटा असा आपटत होती की आळीभर ऐकू जावा. तेव्हापासून रोज दुपारी चटणीचा डबा ठाण्यावर जाऊ लागला. मनराल खूश, शिवण सुरक्षित. अपमान झालेला माणूस अपमान करणाऱ्याला वाढायला रोज वेळेवर हजर, हे चित्र बाजाराने पाहिलं आणि साह घाबरले असा अर्थ काढला. साहांनी तोही अपमान गिळला.

मग एके दिवशी दारोगा स्वतः गच्चीवर आला. डबा हुंगून त्याने विचारलं, हे तेच का? तेच, मनराल म्हणाला. दारोगाचा हात कमरेच्या पट्ट्याकडे गेला. पण ठाण्याच्या खानावळीतली पाणचट खिचडी खाऊन तो विटलेला होता. पुराव्यादाखल म्हणून त्याने बोटभर चाटली. नंतर खोलीचं दार लावून बसला आणि मनरालला बजावलं, मी वेडंवाकडं बोलू लागलो तर ताबडतोब नोंद कर. संध्याकाळपर्यंत त्याला काहीही झालं नाही. भूक लागली, तेवढंच. दुसऱ्या दिवशी त्याने डब्याची वाट पाहिली, तिसऱ्या दिवशी उशीर झाला म्हणून शिपाई धाडला.

अहवाल आला: बी निर्दोष. साह हमाल घेऊन ठाण्यावर पोचले तेव्हा त्यांच्या मनात भाषण तयार होतं, बदनामीपासून चटणीपर्यंत सगळा हिशेब मांडणारं. पण दारोगा खुर्चीतून उठून उभा राहिला आणि त्याने सरळ हात जोडले.

"साहजी, चूक माझी. मी भर बाजारात माफी मागायला तयार आहे." मग त्याने टेबलावरून एक पाकीट पुढे केलं. "आणि हे घ्या. एक पोतं मी आईला मेरठला पाठवलंय. अहवाल आला त्याच दिवशी ओळखीचा ट्रक जात होता. तुम्ही नको म्हणाल, म्हणून आधी विचारलं नाही."

"कुठलं पोतं?" साहांनी भाषण विसरून विचारलं.

"जड होतं ते. मनराल म्हणाला, त्यात तेल जास्त आहे. मी फुकट घेणाऱ्यातला नाही, साहजी. काट्यावर घातलं. बाकीच्यांपेक्षा बरंच जास्त भरलं, तर त्या जास्तीच्या वजनाचेही पैसे धरलेत. बाजारभावाने."

साहांचे डोळे भरून आले. दारोगाला वाटलं, माणूस गहिवरला. मनराल म्हणाला, पोलिसांनी पैसे मोजले असं मी नोकरीत पहिल्यांदाच पाहतोय. दुपारपर्यंत ही गोष्ट बाजारभर झाली आणि माणसं दुकानात येऊन साहांना सांगू लागली की अधिकारी असावा तर असा.

रात्री साहांनी हंसाला सगळं सांगितलं. बँकेपासून मोज्यापर्यंत. सांगताना ते रडले, त्यांनी बँकेला, दारोगाला, मनरालला, ट्रकवाल्याला बोल लावले. हंसा ऐकत राहिली. ती ओरडेल अशी त्यांची तयारी होती. तिने एकच विचारलं, "मेरठचा पत्ता मिळेल?"

ती भावाला बरोबर घेऊन मेरठला गेली. पिशवीत गडेरीचे, म्हणजे अळूचे, कंद, पहाडी लिंबं, कुमाऊंची खव्याची बाल मिठाई. पत्ता घेताना दारोगाला सांगितलं होतं, तुमच्या आईला चटणी वाटायला कोण शिकवणार? दारोगाने तो स्वतःच्या हाताने लिहून दिला होता.

परतली तेव्हा साह दुकानात होते. संध्याकाळी वर येऊन त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "मिळालं?"

"मिळालं. बाई फार चांगली आहे. आम्ही दोघींनी मिळून बी डब्यांत भरलं. वरचं तिने काढलं, तळाचं मी." हंसा मडव्याचं पीठ मळत होती. "मंजूची नथ टाकली येताना हल्द्वानीच्या सोनाराकडे. मोठी टाकली."

"आणि बाकीचं?"

"ठेवलंय."

"कुठे?"

हंसाने पिठाला पाणी लावलं.

साहांचा तिळपापड झाला. "सोनं माझं, कष्ट माझे, उन्हातान्हात हल्द्वानीच्या खेपा मी घातल्या, आणि ते कुठे आहे हे घरात मलाच ठाऊक नाही? नवराबायकोत असं लपवाछपवीचं वागतं का कुणी?"

हंसाने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.  साहांनी पुढचं वाक्य अर्ध्यावरच सोडलं आणि ते पानावर बसले.

सकाळी दुकान उघडल्याबरोबर त्यांनी बाही खांद्यापर्यंत सारली आणि पहिल्या पोत्यात हात घातला. मग दुसऱ्यात. पावशेर बी घ्यायला आलेल्या म्हातारीने विचारलं, साहजी, काय शोधताय? ओल लागलीय का बघतोय, असं म्हणत त्यांनी तिसऱ्या पोत्याचं तोंड सोडलं, आणि वरच्या खिडकीतून हंसाचा शांत आवाज आला.

"मंजूचे बौज्यू, तिथे नाहीये ते."