वेलणकरांचा चालू घडामोडी कक्ष

एक जानेवारी १९९६ रोजी सकाळी सात वाजता शांताराम वेलणकर यांनी दिल्लीच्या करोल बागेतल्या आपल्या घरात वर्तमानपत्र वाचण्यावर बंदी घातली.

बंदी फक्त मुलीपुरती होती. अपूर्वा सिव्हिल सर्व्हिसच्या पूर्वपरीक्षेत एकदा नापास झाली होती, आणि ती पेपर मनाला येईल तसा वाचते, असं बाबांच्या चौकशीत निष्पन्न झालं होतं. कधी पहिलं पान आधी, तर कधी चक्क खेळाचं.

शांताराम एका केंद्रीय मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. एकोणतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या सहीसाठी टिपणं लिहिली होती. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. त्याआधी मुलगी साहेब झालेली बघावी, एवढीच इच्छा होती. ही इच्छा ते कुणाजवळ बोलून दाखवत नसत. पण त्यांच्या पत्नीला, कुमुदला, ती ठाऊक होती, म्हणून तिने नव्या व्यवस्थेला विरोध केला नाही.

व्यवस्था सोपी होती. सकाळी तीन पेपर येत. शांताराम महत्त्वाच्या बातम्यांभोवती लाल पेन्सिलीने चौकट आखत आणि ऑफिसला जात. दुपारी कुमुद ती कात्रणं कापून कोऱ्या कागदावर चिकटवी आणि क्रमांक घाली. संध्याकाळी शांताराम कात्रणाखाली टिपण लिहीत, विषय ठरवत आणि ‘वाचनास योग्य’ असा शेरा मारून सही करत. मगच बातमी अपूर्वाकडे जाई.

"बाबा, सरळ पेपरच वाचला तर?" अपूर्वाने एकदा विचारलं.

"सरळ वाचलेलं विसरलं जातं," ते म्हणाले. "रीतसर वाचलेलं राहतं."

जानेवारीत बातमी अपूर्वापर्यंत पोचायला एक दिवस लागे. फेब्रुवारीत नऊ दिवस लागू लागले. एक परदेशी कंपनी पंजाबात बटाट्याचे वेफर्स काढणार, ही बातमी शेतीत घालावी, उद्योगात की परराष्ट्र संबंधांत, याचा निर्णय होईना. आणि क्रमांकाने फाईल चालत असल्यामुळे तिच्यामागच्या सगळ्या बातम्या अडकल्या.

"अहो, स्वयंपाकघरात घाला," कुमुद म्हणाली.

शांतारामांनी फाईलवर लिहिलं, ‘सूचनेची नोंद घेतली.’

कात्रणं कापून झाल्यावर पेपरचा जो सांगाडा उरे, त्याच्यावर मात्र बंदी नव्हती. त्यात जाहिराती असत. अपूर्वा जेवताना त्या वाचायची. गुडगावात काचेच्या इमारती उठत होत्या, परदेशी कंपन्यांना माणसं हवी होती, आणि त्या जाहिराती ज्या दिवसाच्या त्याच दिवशी तिच्या हातात पडत. पूर्ण देशातली एवढीच एक गोष्ट तिला वेळेवर कळत होती.

मार्चमध्ये लोकसभेच्या निवडणुका जाहीर झाल्या. ते कात्रण दोनशे एकोणऐंशी क्रमांकावर होतं. शांताराम तेव्हा एकशे नव्वदवर होते. तेवढ्यात त्यांनाच निवडणुकीची ड्यूटी लागली आणि प्रशिक्षण सुरू झालं. कक्षाचं काम बंद पडलं, कारण सही करणारा दुसरा अधिकारी घरात नव्हता.

"मी करते की सह्या," कुमुद म्हणाली. सगळ्या बातम्या कापता कापता तिने वाचल्याच होत्या.

"तुला अधिकार नाहीत गं," शांताराम हळुवारपणे म्हणाले.

मतदानाच्या आदल्या दिवशी ते पिशवी घेऊन निघाले, तेव्हा अपूर्वा दारात उभी होती.

"कुठे निघालात, बाबा?"

"निवडणुकीला."

"कसली निवडणूक?" तिने गंभीर चेहऱ्याने विचारलं.

शांतारामांनी पिशवी सावरली. "फाईल आली की कळेल," ते म्हणाले आणि जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी अपूर्वा आईबरोबर जाऊन मत देऊन आली.

त्यानंतर देशात गोष्टी फार वेगाने घडल्या. मे महिन्यात नवं सरकार आलं. शांताराम परतले आणि त्यांनी त्या सरकारचं कात्रण तातडीचं म्हणून वेगळ्या लाल फाईलमध्ये वर काढलं. त्यावर तीन पानी टिपण लिहिलं, शुद्धलेखन तपासलं आणि सहीसाठी पेन उघडलं, तोवर तेरा दिवस होऊन सरकार गेलं होतं. त्यांनी ती फाईल ‘प्रयोजन उरले नाही’ असं लिहून बंद केली आणि पुन्हा एकशे नव्वदवर आले.

जूनच्या सुरुवातीला क्लासमध्ये उजळणी होती. मूळचे सोलापूरचे नरसिंह सर चालू घडामोडी शिकवत. त्यांनी अपूर्वाला उठवलं.

"सध्याच्या सरकारबद्दल काय सांगशील?"

"सर, आमच्याकडे अजून निवडणुका जाहीर व्हायच्यात," अपूर्वा म्हणाली.

वर्ग हसला. सरांनी तिच्या बोटाकडे बघितलं. "मग नखाला ही शाई कसली?"

अपूर्वाने आपलं बोट पाहिलं आणि मूठ मिटून घेतली. तिने थट्टा केली नव्हती. आईकडून, क्लासमधून तिला ठाऊक सगळंच होतं. पण पाच महिन्यांत मंजूर नसलेलं काही तोंडातून निघेनासंच झालं होतं.

पूर्वपरीक्षेत तिने ठाऊक असलेले कितीतरी प्रश्न सोडून दिले. ती नापास झाली. त्याच आठवड्यात एक जाहिरात वाचून ती बसने गुडगावला गेली आणि नोकरी घेऊनच परतली.

"काम काय?" शांतारामांनी विचारलं.

"सकाळी सगळे पेपर वाचायचे. सरकारी धोरणात काय बदललं ते एका पानात लिहून दहा वाजता साहेबांना द्यायचं."

"मंजूर कोण करतं?"

"कुणीच नाही, बाबा. मीच वाचते, मीच लिहिते."

"आणि मग ते पान ठेवतात कुठे?"

"फेकतात. दुसऱ्या दिवशी शिळं होतं ना."

शांताराम त्या दिवशी नीट जेवले नाहीत. मुलगी नापास झाल्याचं दुःख त्यांनी पचवलं होतं, हे पचेना.

कक्ष तेव्हाच बंद झाला असता. पण अपूर्वाच्या वर्गातले दोघेजण घरी आले. इतक्या शिस्तीत लावलेल्या फाईली त्यांनी कुठे पाहिल्या नव्हत्या. त्यांनी झेरॉक्स काढून नेल्या. मग आणखी आले. निवृत्तीनंतर शांतारामांना दिवसभर वेळ होता. कुमुद कापत राहिली, ते टिपणं लिहीत राहिले. करोल बागेत ‘वेलणकर नोट्स’ हे नाव झालं. त्यांतल्या बातम्या वर्षभर जुन्या असत, म्हणून परीक्षेत त्या कधीच आल्या नाहीत. तरीही ती पोरं पास झाली, कारण पेपर वाचायला त्यांना कुणाची बंदी नव्हती. नोट्समधून त्यांनी उचलली ती फक्त पद्धत.

ती पोरं आता मोठ्या हुद्द्यांवर आहेत. तुमचा जो अर्ज गेले आठ महिने विचाराधीन आहे, तो त्यांच्यापैकीच एकाच्या टेबलावर असणार. तुम्ही चौथ्यांदा चौकशीला जाल, तास-दीड तास बाकावर बसाल, मनातल्या मनात साऱ्या व्यवस्थेला शिव्या घालाल. मग आत बोलावणं येईल. साहेब म्हणतील, "अजून वेळ लागेल." तुम्ही मान डोलवाल, दारापर्यंत जाल आणि मागे वळून, अगदी अदबीने विचाराल, "साहेब, आमचा मुलगाही यंदा परीक्षेला बसतोय. तुमच्या त्या नोट्स मिळतील का?"