चरख्यावरची तार

आमच्या घरी येणारा माणूस आधी पाणी मागतो. गुलाबभाऊ आधी कपडे वाळत घालायची तार छेडत. माझं ओलं लुगडं बाजूला सारून बोटानं टणकन वाजवत, कान देत आणि सांगत, "वहिनी, मुकी हाय ही." छत्रीची काडी, कुंपणाची तार, सायकलची आरी, सगळ्यांची परीक्षा होई. बहुतेक नापास.

ही पन्नास सालानंतरची गोष्ट. गुलाबभाऊ हिंगणघाटच्या एका मिलमध्ये विजेच्या मोटारींचं वायंडिंग करत, म्हणजे त्यांच्यात तांब्याची तार गुंडाळत. आमच्या शेजारच्या खोलीत एकटे राहत. स्वयंपाक वाईट करत. वर्ध्याचा एक गोरा रेल्वे गार्ड विलायतेला जाताना त्यांना विजेची गिटार देऊन गेला. मांडीवर आडवी ठेवायची, तारांवर लोखंडी नळी सरकवायची, आवाज शेजारी ठेवलेल्या विजेच्या डब्यातून यायचा.

मिलच्या गणपतीत वाजवीन असं त्यांनी साऱ्या खात्याला सांगितलं आणि चार दिवस आधी जाडी तार तुटली. तशी नागपुरातही मिळेना. खात्याचा मुकादम, नामदेव जॉबर, सगळ्यांदेखत म्हणाला, "राहू द्या, भाऊ. आमी बँड सांगून ठेवतो." त्या दिवशी गुलाबभाऊंनी आमच्या तारेला हातही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी पिंजाऱ्याकडून कापूस पिंजायच्या धनुकलीची आतड्याची तात घेऊन आले.

"हे रुई उडवते, तं गाणं काऊन नाई उडवणार?"

बसवली. छेडली. डबा गप्प. मग स्वतःच कपाळावर हात मारला. "अंदर चुंबक हाय, वहिनी! त्याले आतड्याचं काय समजते? त्याले लोखंड पायजे. मी वायंडर माणूस, अन् हेच इसरलो!"

सतारीची पोलादी तार आणली. ती बारीक, आवाज पोरीसारखा. जाड आवाजासाठी तिच्यावर तांब्याची तार गुंडाळायला हवी, वेढ्याला वेढा चिकटून. त्यांची नजर माझ्या चरख्यावर गेली.

"खादीच्या चरख्यावर सिनेमाची गाणी?" आमचे हे कडाडले.

"वहिनी तरी कुठं सूत कातून राह्यल्या?" गुलाबभाऊ म्हणाले. खरंच होतं. मी धूळ पुसून चरखा काढून दिला.

सतारीच्या तारेचं एक टोक चरख्याच्या चातीला, दुसरं खिडकीच्या गजाला फिरत्या आकड्यात. मी चाक फिरवायचं, त्यांनी तांबं सोडायचं. पहिल्यांदा तांब्याची जिलेबी झाली. दुसऱ्यांदा मी जोर केला, तार तुटली. "वहिनी, भांडू नका तिच्याशी," ते म्हणाले. तिसऱ्यांदा मी नुसता हात ठेवला. चातीपासून खिडकीपर्यंत लाल, चकचकीत, एकसारखी तार उतरली.

गणपतीपुढे त्यांनी आधी गाणं वाजवलंच नाही. नुसती ती तार छेडली. मांडवाचा पत्रा थरथरला.

"बोलते, वहिनी!" साऱ्या मांडवादेखत ते स्टेजवरून ओरडले. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं. मग तासभर वाजवलं. गाणी मला फारशी कळली नाहीत, पण तार तसूभर हटली नाही. शेवटी जॉबर पुढे येऊन म्हणाला, "भाऊ, अजून एक होऊ द्या ना."

"बँड नाई सांगतला?" गुलाबभाऊंनी विचारलं. मांडव हसला. मग वाजवलं.

सकाळी मी तुरीची डाळ पाखडत होते. गुलाबभाऊ येऊन ओट्यावर बसले.

"वहिनी, कसं झालं कालचं?"

"चांगलं झालं. तुम्ही होतातच की."

"मी वाजवून राह्यलो होतो. मले काई दिसलं नाई. सांगा ना."

मी सांगितलं.

"तसं नाई. सुरवातीपासून."

त्यांच्या खोलीत हे सांगणारं कोणी नव्हतं. मी सूप खाली ठेवलं आणि पुन्हा सांगितलं. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी शेवटी सगळे लोक उठून उभे राहिले, असं मी सांगितलं. कोणी उभं राहिलं नव्हतं. ते त्यांनाही माहीत होतं.

"जॉबर बी?" त्यांनी हळूच विचारलं.

"तो सगळ्यांच्या आधी," मी म्हटलं.