विद्येची रेघ

फुलसावंगीत भविष्य सांगणारा खोटा जोशी बसवायचा, ही कल्पना धर्मपाल मास्तरांची. गावाला शहाणं करायचा त्यांना नादच होता, आणि नादाला औषध नसतं.

वस्तीनं दीक्षा घेऊन सहा-सात वर्षं होत आली होती. देव्हारे गेले, गंडेदोरे गेले, पोरांची नावंही बदलली. पण बाजारात एखादा पोपटवाला नाहीतर हात पाहणारा येऊन बसला, की निम्मी वस्ती 'मीठ आणतो' म्हणून निघायची आणि मीठ विसरून परत यायची. मास्तर यावर सभा घेत, सभेत घसा फोडून घेत आणि घरी आले की बायकोला, सत्यभामेला, म्हणत, "च्या ठेव." दिवेलागणीला त्यांच्याच अंगणात मोठ्या माणसांचा साक्षरतेचा वर्ग भरे. तेव्हाही आत ओरडून ते हेच म्हणत, फक्त चहा जास्त ठेवावा लागे.

जोशी म्हणून त्यांनी बोलावला रूपसिंग. पुसदच्या बोर्डिंगातला जुना सोबती, आता तिकडे वणीच्या बाजूला एस.टी.त कंडक्टर. इकडे त्याला कोणी ओळखत नव्हतं. मास्तरांच्या लग्नालाही त्याला रजा मिळाली नव्हती.

"पाच वाक्यं पाठ कर," मास्तर त्याला म्हणाले. "जो येईन त्याले हेच सांगायचे. तुमचं मन मोठं हाय, पन लोकाइले कदर नाही. घरातलंच एक मानूस तुमच्यावर जळते. एक गोष्ट तुमी मनात दाबून ठेवली हाय. गुडघ्यावर जुनी खून हाय. अन् एक मोठं काम व्हायचं हाय, पन कोनीतरी आडवं येऊन राह्यलं."

"अन् नाही लागू पडलं तं?"

"पडतेच. हे वाक्यं कोनालेही बसते, हेच तं दाखवायचं हाय. संध्याकाळी सभेत दाढी काढ, मी समजावून सांगतो."

"मंग मले जमते," रूपसिंग म्हणाला. "मी बी रोज सगळ्याइले एकच सांगतो, 'आंदर सरका, जागा हाय.'"

बाजाराच्या दिवशी मास्तर 'पुसदले मीटिंगले चाललो' असं घरी सांगून निघाले. निघताना सत्यभामेवर करवादलेही, कारण चपलेचा तुटलेला अंगठा तिनं गोधडीच्या लाल दोऱ्यानं शिवला होता आणि त्याची गाठ टोचत होती. बाजाराच्या कडेला बाभळीखाली ताडपत्री बांधली होती. पुढं नाटकातली दाढी लावलेला रूपसिंग बसला. त्याच्या पाठीमागं सतरंजी टांगली होती आणि तिच्यामागं पोत्यावर मास्तर. कुठंही बसायचं तर आधी चपला काढायच्या, ही त्यांची शिस्त. त्या त्यांनी शेजारी नीट जुळवून ठेवल्या.

पहिला आला गोविंदा बंडीवाला. मन मोठं असल्याचं ऐकून त्यानं मान डोलावली. घरातलं माणूस जळतं, हेही त्याला पटलं. पण 'मनात दाबून ठेवलेली गोष्ट' येताच तो खाली वाकला आणि हळूच म्हणाला, "तुमाले कसं समजलं, म्हाराज? मथुराबाईचा कोंबडा कोल्ह्यानं नाही नेला. म्याच खाल्ला. अन् लय चिवट होता!"

मागं मास्तरांनी तोंडात उपरण्याचा बोळा कोंबला.

मग खुद्द मथुराबाई आली. गुडघ्याचं वाक्य ऐकताच तिनं लुगडं सावरलं. "अगं माय वं! विळा लागलेला, त्याले वीस वर्स झाले. हे कसं दिसलं यायले?" शेतात राबणाऱ्या बाईच्या गुडघ्यावर खूण नसेल तर कुठं असेल, पण हा विचार तिला शिवला नाही. घरातलं कोण जळतं, हे तिनं जोशाला सांगूच दिलं नाही. "सून! इंदी! मले ठावच होतं!"

ती जाते न जाते तोच सून इंदूबाई आली. तिलाही तेच वाक्य.

"सासू!" इंदूबाई म्हणाली. "दुसरं कोन राहीन?"

हसू दाबून दाबून मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात सतरंजीपलीकडे कोणीतरी खोकललं आणि त्यांचं हसू जागच्या जागी थिजलं. तो खोकला त्यांच्या घरातला होता, चुलीच्या धुराचा.

सत्यभामा येऊन बसली. रूपसिंगनं पहिलं वाक्य म्हटलं, "बाई, तुमचं मन मोठं हाय, पन कदर नाही." यावर बाकीचे लगेच तोंड उघडत. हिनं नुसता हात पुढं केला.

"ते राहू द्या, म्हाराज," मग ती म्हणाली. "मले एकच विचाराचं हाय. माह्या हातावर विद्येची रेघ हाय का?"

असं काही पाठ करून घेतलं नव्हतं. रूपसिंगनं तिचा हात पाहिला. बोटांवर भाजल्याचे डाग होते. त्याला काय वाटलं कोण जाणे, तो म्हणाला, "हाय, बाई. ठसठशीत हाय. पन तिच्यावर कोनीतरी बूड टेकून बसलं हाय."

"कोन बसलं ते मले ठाव हाय," सत्यभामा म्हणाली. तिचा आवाज आता चांगला मोठा झाला होता. "माहा मालक साऱ्या गावाले लिवाले शिकवते. बुढ्या बुढ्या बायाइचा हात धरून 'ताई, असा काना काढा' म्हनते. अन् मी आंदर त्या ताईसाठी च्या करतो. एकदा म्हनलं, मले बी पाटी द्या. तं म्हने, मंग च्या कोन करन? सभेत समता, समता करते. मले नावानं हाक मारली नाही कदी. 'अवं' नाहीतं 'इकडं ये.' माह्यापक्षा तं आमच्या बकरीले नाव हाय."

मास्तरांचे कान तापले. मान आपोआप खाली गेली. 'मंग च्या कोन करन' हे आपण म्हटलं होतं, अगदी याच शब्दांत आणि हसत हसत म्हटलं होतं, हे त्यांना आठवलं. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं, पण खाली नुसतं ज्वारीचं पोतं होतं.

ती गेल्यावर रूपसिंगनं मागं डोकं घातलं. "हे बाई कोन होती गा? लय सोसलेली दिसते. नवरा कोनतातरी बह्याड अशीन."

"अशीन," मास्तर म्हणाले.

संध्याकाळची सभा त्यांना मोडायची होती. पण तोवर बाजारात जोशाचा डंका वाजला होता, मथुराबाई नि इंदूबाईनं दुपारीच चुली वेगळ्या केल्या होत्या, आणि जोशाला पुढच्या बाजारीही आणायचं म्हणून गोविंदा घरोघर फिरत होता. सगळं थोतांड आहे हे आज सांगितलं नाही, तर गावाला कायमचा जोशी लागणार. सांगितलं, तर सत्यभामेची रेघही त्यात पुसली जाणार. आणि कधी सभेला न येणारी सत्यभामा आज विहारासमोर पहिल्याच ओळीत येऊन बसली होती.

मास्तर उभे राहिले आणि कसंबसं बोलले. रूपसिंगनं दाढी काढली, पाचही वाक्यं म्हणून दाखवली. "सगळ्याइले हेच सांगतलं. एकालेही काही खास सांगतलं नाही."

लोक विचारात पडले. मग गोविंदा उठला. "असं कसं, मास्तर? कोंबडा तं म्या खराच खाल्लता!"

"कोनता कोंबडा?" मथुराबाई उठली.

पुढं काही वेळ सभा राहिली नाही. गोविंदाच्या मागं मथुराबाई आणि, दुपारचं भांडण विसरून, मथुराबाईच्या मागं तिची बाजू घेत इंदूबाई, अशी विहाराला प्रदक्षिणा झाली. सगळे दमून बसले तेव्हा एक म्हातारा म्हणाला, "कंडक्टर असला म्हनून काय झालं? त्याच्या जिभेवर काहीतरी हायच." माना हलल्या.

तेव्हा सत्यभामा उठली. "मास्तर," ती म्हणाली, परक्यानं म्हणावं तसं. "त्यायनं मले विद्येची रेघ हाय म्हनून सांगतलं. ते बी खोटंच का?"

 गावासमोर मास्तर नेहमी मोठ्यानं बोलत, आज आवाज खाली आला.

"खोटंच," ते म्हणाले. "अशी रेघ कोनाच्याच हातावर नसते. पन तिच्यावर एक मानूस बूड टेकून बसला होता, ते खरं हाय. तो मानूस मी होय. मले लाज वाटते." मग डोळे पुसून ते म्हणाले, "आजपासून तिनं वर्गात बसायचं."

कोणी टाळी वाजवली नाही. गोविंदानं मात्र काळजीनं विचारलं, "मंग च्या कोन करन?"

"मी," मास्तर म्हणाले.

त्या दिवशी वर्ग उशिरा भरला. बाहेर रूपसिंग फळ्यापाशी उभा राहून कंडक्टरच्या आवाजात 'ग' शिकवत होता. आत मास्तर चुलीशी झटत होते. लाकडं पेटेनात, साखरेचा डबा सापडेना आणि धुरानं डोळे चुरचुरत होते. पाटी हातात घेऊनच सत्यभामा आत आली आणि साखर काढून दिली.

"सत्यभामा," मास्तर म्हणाले. नाव तोंडात अडखळलं. "मी पडद्याच्या मांगं होतो. तुहं सगळं ऐकलं."

"मले ठाव हाय नं," सत्यभामा म्हणाली. "गेलती मी रेघ दाखवाले. पन बसल्या बसल्या सतरंजीखालून चपला दिसल्या. लाल दोरा माहाच."

मास्तरांनी फुंकणी खाली ठेवली. "मंग घरी काहून नाही बोलली? तेथं जोश्यापुढं कायले बोलली?"

"जोश्याले कोन सांगत होतं?" ती म्हणाली. "तुमालेच तं सांगून राह्यलती. घरी बोलाले गेलं का तुमी मधातच तोडता. आज पैल्यांदा शेवटपावतर ऐकलं."

मास्तरांना यावर काहीतरी बोलायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि परत मिटलं. मागं चहा उतू गेला.