एकटीच वळली पाहिजे

नावं ठेवण्यात माझा हात धरेल असं अख्ख्या कुंभिवलीत कुणी नाही. कुणाचं कालवण खारट, कुणाचा जावई ऐदी, कुणाच्या नव्या घराचा रंग खोकल्याच्या औषधासारखा, हे मी उंबऱ्यावरूनच सांगते. त्यामुळे माझा भाऊ ओमकार लग्नानंतर सात वर्षांनी बाप झाला, आणि आत्या म्हणून पोरीचं नाव ठेवायचा मान माझ्याकडे आला, तेव्हा मला जराही धास्ती वाटली नाही. इतकी नावं ठेवली, त्यात आणखी एक!

माझी भावजय हर्षला मात्र दवाखान्यातल्या खाटेवरूनच म्हणाली, "ताई, कायपण ठेवा. फक्त हाक मारली का एकटीच वळली पायजे."

तिचं दुखणं मला ठाऊक होतं. शाळेत तिच्या वर्गात आधीच एक हर्षला होती. म्हणून बाईंनी हिला 'हर्षला दुसरी' केलं, आणि पोरींनी त्यातली हर्षला गाळून नुसतं 'दुसरी' ठेवलं. हळदीच्या दिवशी तिची एक मैत्रीण मांडवभर ओरडत आली, "कुठाय ओमकारची दुसरी?" आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनी मला लगेच कोपऱ्यात ओढलं. "पहिलीचं काय झालं गं?" अजूनही त्यातल्या एकदोघी ओमकारकडे वाकड्या नजरेनं बघतात.

तर एकटीच वळेल असं नाव. आता हे घरात बसून कसं कळणार? खोपोलीत माझं झबली-टोपड्यांचं दुकान आहे आणि रस्त्यापलीकडचं गिऱ्हाईक आत ओढून आणील असा आवाज आहे. मी ठरवलं, गर्दीत उभं राहायचं, नावानं हाक मारायची आणि कोण वळतं ते बघायचं. मला तर भारीच उत्सुकता लागली.

रविवारी पळसदरीच्या धरणावर गेले. "सानवी!" म्हटलं, तर पोरींचा घोळकाच वळला. त्यातली एक धावत येऊन "काय मावशी?" म्हणून समोर उभी राहिली. नुसतीच हाक मारली म्हणून कसं सांगू? तिला मक्याचं कणीस घेऊन द्यावं लागलं. 'आरोही'ला तर कणीसवाल्याची पाटी रिकामी झाली असती. दुसऱ्या दिवशी खोपोलीच्या बाजारात "इंद्रायणी!" म्हणून ओरडले, तर वाण्यानं विचारलं, "किती किलो?"

पुढच्या रविवारी पुन्हा धरणावर. नावं संपली होती, घसा बसला होता. सहज समोरच्या डोंगराकडे लक्ष गेलं आणि एकदम सुचलं, कारवी! सात वर्षांतून एकदा फुलणारी कारवी, आणि आमची पोरही सात वर्षांनीच आलेली. अंगावर काटा आला हो माझ्या. होता नव्हता तेवढा जीव लावून हाक मारली. एक मान वळली नाही.

घरी येऊन आईच्या कानात सांगितलं. आई म्हणाली, "अगं, कारवीच्या काठ्यांचा कूड घालतात. नातीचं नाव काय भिंतीवरनं ठेवतंस?"

"आई, काठी नको गं बघू, फूल बघ."

"फूल मला नको दाखवू. डोंगरात जल्म गेला माजा. ती फुलते ना, तवा..."

पुढचं ऐकायला मी थांबलेच नाही. मला खात्री करून घ्यायची होती. कर्जत स्टेशनच्या जिन्यावर हाक मारली, भरल्या टेंपोत मारली, दुकानाच्या पायरीवरून तर रोज मारली. कुणी वळेना. फक्त कुणी ना कुणी विचारायचं, "नवीनच नाव दिसतंय. अर्थ काय हो?" मग मी झबल्यांच्या घड्या घालता घालता अर्थ सांगायची. सात वर्षं, जांभळं फूल, सगळं. ऐकणाऱ्या बायका "किती गोड" म्हणायच्या की मला मूठभर मांस चढायचं. आता झबल्यांच्या दुकानात येतं कोण? पोटुशा बायका आणि नव्या आज्या. पण हे तेव्हा सुचेल तर ती मी कसली?

बारशाच्या दिवशी सजावटीला गजा आला. नाव गुपित ठेव, म्हणून मी त्याला सकाळीच बजावलं होतं. दुपारी बघते तर थर्माकोलची अक्षरं लावून, वर पडदा सोडून हा मोकळा.

"इतक्यात कापलीस पण?"

"कापायची कशाला ताई? तयारच होती. परवा पळसदरीला विमलबाईंच्या नातीचं बारसं केलं ना, त्यातलीच हायत."

विमलबाई म्हणजे आमच्या लांबच्या नात्यातल्या. झबली नेताना त्यांनी अर्थ दोनदा विचारून घेतला होता. "गजा, काहीतरी कर रे. दुसरं नाव कर यातनं."

गजानं डोकं खाजवलं. "का काढला तर रवी उरतो. वी काढली तर कार. बघा, कुठलं चालंल?"

तेवढ्यात बायकांनी मला पाळण्याशी ओढलं. हर्षला नटून बसली होती. तिनं हळूच विचारलं, "ताई, एकटीच वळंल ना?" खरं सांगते, त्या वेळी मला रडू यायचंच बाकी होतं. दुसरं कुठलं तरी नाव सांगायला वाकले, तर इंद्रायणीशिवाय एक आठवेना. शेवटी कुर्र करून कारवीच सांगितलं. पाठीत रीतीचे धपाटे बसले. पडदा सरला. हर्षलानं ते नाव वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तिचे डोळे भरून आले.

मी सटकणार, तर तिनं माझा हात धरला. "ताई, आता एकदा हाक मारा ना. तुमच्या पद्धतीनं."

"माझा घसा बसलाय गं."

"मारा ना. सगळ्यांना कळू दे."

मी पुटपुटले. मागनं ओमकार म्हणाला, "मोठ्यानं गं, दुकानातल्यासारखी!"

मारली. आमची कारवी पाळण्यात ढाराढूर. पण मांडवाच्या टोकाला विमलबाईंनी खांद्यावरची नात सावरून हात वर केला. "ओ! इथं हाय, आत्ताच डोळा लागलाय तिचा." त्यांच्या शेजारची पोटुशी लाजत म्हणाली, "आमचंबी तेच ठरलंय. पण सांगू नका हां कुणाला."

हर्षला माझ्याकडे बघत राहिली. मी गजाकडे बघितलं. गजा शिडी घेऊन निघाला होता.

म्हाताऱ्यांनी मात्र जाग्यावर निवाडा केला. "त्यात काय येवडं? विमलबाईंची पहिली. आपली दुसरी."

आई माझ्या पानात बुंदी वाढत म्हणाली, "तवाच सांगत व्हते. कारवी एकटी नाय फुलत गं. फुलली का आख्खा डोंगर फुलतो."

रीतीचे धपाटे तसे कुणाला लागत नाहीत. जेवणं उरकल्यावर मात्र एक बसला, त्यावर अजून बाम चोळतेय. तो दुसरीचा होता.