शकूताईंचे शास्त्रशुद्ध डायनासोर

आमच्या मोठ्या जाऊबाई खेळण्यातला डायनासोर विकत घेताना आधी त्याचे हात बघतात. वांगं घेताना आपण देठ बघतो, तसं. मनगट उलटसुलट करून तळवा कुठं वळलाय ते पाहतात, आणि तळवा जमिनीकडं असला की "ह्यो बाद" म्हणून परत ठेवतात. येरमाळ्याच्या यात्रेत एका खेळणीवाल्यानं न राहवून सांगितलं, बाई, प्लास्टिकचा आहे, चावत नाही. त्यावर ताईंनी त्याला भर उन्हात समजावून दिलं, की या मांसाहारी जातीचे तळवे एकमेकांसमोर असायचे, आरतीला टाळ्या वाजवताना आपले असतात तसे. भाकरी थापताना असतात तसे नव्हे. मागं गिऱ्हाइकं ताटकळली होती. शेवटी त्या माणसानं ढीग उपसून बरोबर हातांचा एक शोधून दिला. आता तो ताईंना लांबून पाहिलं की आधीच ढीग उपसायला घेतो.

नाव शकुंतला, पण घरात सगळ्यांच्या शकूताई. आमचे मोठे दीर, म्हणजे आण्णा, यांची कळंबच्या मोंढ्यात आडत आहे. घरात सोयाबीन, तूर, हमाल, पावत्या असल्या गोष्टींचं बोलणं. त्या घरात दिवाणखान्यातलं काचेचं कपाट, ज्यात पूर्वी लग्नात आलेले आणि कधीही न वापरलेले कपबशांचे सेट असायचे, ते आज डायनासोरांनी भरलेलं आहे. भरलेलं म्हणजे कोंबलेलं नव्हे. वरच्या फळीवर सगळ्यात जुना काळ, मधल्या फळीवर मधला, खाली शेवटचा. एकदा आण्णांनी दिवाळीची साफसफाई करताना पाठीवर पाकळ्या असलेला स्टेगोसॉरस उचलून टायरॅनोसॉरसच्या शेजारी ठेवला. ताईंनी पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "आठ कोटी वर्षांची चूक केलीत." आडतीत किलोभराची चूक न करणारे आण्णा त्यानंतर त्या कपाटाला हात लावत नाहीत.

"पुरावा काय?" हे ताईंचं पालुपद. दूधवाल्यानं म्हशीचं दूध म्हटलं की पुरावा काय. आण्णांनी मी फोन केला होता म्हटलं की पुरावा काय. एका ज्योतिषानं मागच्या जन्मी तुम्ही राणी होतात म्हणून सांगितलं, तर त्याला बिचाऱ्याला पोहे देऊन हाच प्रश्न विचारला. त्यानं पोहे संपवले आणि तो पुन्हा आला नाही.

याची सुरुवात माझ्या लेकीमुळं झाली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. ऋतुजा तान्ही होती तेव्हा माझी बदली जळकोटला झाली. कुठं कळंब, कुठं तुळजापूर तालुक्यातलं ते जळकोट! माझे यजमान आण्णांबरोबर दिवसभर मोंढ्यात. पोरीला घेऊन तिथं एकटीनं राहायचं कसं, हा प्रश्न पडला तेव्हा ताई म्हणाल्या, तिला राहू दे इथं. ताईंना स्वतःचं मूल नाही. तेव्हापासून ऋतूला दोन आया झाल्या, आठवडाभराची मोठी आई आणि सुटीची मी. याच पोरीनं एकदा यात्रेतला हिरवा डायनासोर नाचवत विचारलं, मोठी आई, हा काय खायचा? दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, तुझ्यासारखी न जेवणारी पोरं. पण लेकराला खोटं सांगायचं नाही हा ताईंचा नियम. त्यांनी शोधायला घेतलं. आधी वाचनालय, मग आण्णांचा फोन, मग स्वतःचा फोन. ऋतू मोठी होऊन शिकायला पुण्याला गेली, तरी ताईंचं शोधणं काही थांबलं नाही.

एकदा लातूरला आम्ही सगळे डायनासोरांचा सिनेमा पाहायला गेलो. तसला प्रसंग वैऱ्यावर येऊ नये. अंधार झाला आणि ताईंची तपासणी सुरू झाली. याची पिसं कुठं गेली? याला ओठ का नाहीत, दात असे उघडे राहिले तर वाळून जातील की. हा चपळ शिकारी खरा तर आपल्या गिरिराज कोंबड्याहून थोडाच मोठा, त्याला यांनी माणसाएवढा केला. मोठा डायनासोर शिकारीवर धावताना गर्जला, तेव्हा तर त्यांना राहवेना. म्हणाल्या, मांजर उंदरावर जाताना ओरडतं का? मागचा एकजण वैतागून म्हणाला, अहो बाई, सिनेमा आहे. ताई वळल्या आणि म्हणाल्या, "म्हणून काय काहीबी दाखवायचं? ती मेलेली जनावरं. त्यांना येऊन सांगता यायचंय का, की आमी असं न्हवतो?"

मध्यंतरात तोच माणूस पॉपकॉर्न घेऊन आला आणि ओठांचं नक्की काय म्हणालात म्हणून विचारू लागला. उत्तरार्ध आमच्या पुढच्यामागच्या रांगांनी ताईंच्या तोंडून पाहिला. मला त्या दिवशी आधी लाज वाटली आणि नंतर इतका अभिमान वाटला, की परतीच्या एसटीत मी शेजारच्या अनोळखी बाईला सांगितलं, या माझ्या जाऊबाई.

चुकीचा डायनासोर ताई टाकून देत नाहीत, दुरुस्त करतात. उकळत्या पाण्यात धरून मनगट फिरवतात. जमिनीला टेकलेलं शेपूट वर करतात. शेजारच्या कोंबड्यांची गळलेली पिसं धुऊन, वाळवून, कात्रीनं बारीक करून चिकटवतात. आमच्या गल्लीतल्या कोंबड्यांना आपण कुणाचे वंशज आहोत हे ठाऊक नसेल, पण ताई त्यांना दाणे टाकताना जो मान देतात तो जावयालाही मिळत नाही. भारतात सापडलेला राजासॉरस इथं कुठं विकत मिळेना, म्हणून तो त्यांनी गणपतीच्या शाडूतून स्वतः घडवला. कपाळावर लहानसं शिंग, आखूड हात, सगळं जिथल्या तिथं. रंग मात्र दिला नाही. का, तर खरा रंग कुणालाच ठाऊक नाही. आपल्या मराठवाड्यात हाडं का सापडत नाहीत म्हणून कुणी विचारलं, तर ताई अंगणातल्या काळ्या मातीची चिमूट उचलून दाखवतात. त्याच काळात इथं लाव्हा पसरला, त्याचीच ही माती, आपण तिच्यात सोयाबीन पेरतो. हे सांगताना त्यांचा चेहरा असा होतो, जणू तो लाव्हा माहेरून आला होता.

आणि महालक्ष्म्या! आमच्याकडं भाद्रपदात ज्येष्ठा-कनिष्ठा उभ्या राहतात, पुढं त्यांची बाळं, फराळ, आणि खेळण्यांची आरास. कळंबात लक्ष्म्या घरोघरी बसतात, पण डायनासोरांसकट बसतात त्या आमच्याकडंच. तीन पायऱ्या, तीन काळ, मध्ये हळकुंडाच्या रेघा. हळदीकुंकवाला आलेल्या बाया आधी लक्ष्म्यांना हात जोडतात आणि मग ताईंपुढं बसून विचारतात, यंदा नवीन काय? परगल्लीतून बाया येतात. मी दारात उभी राहून त्यांना आत घेते तेव्हा माझी मान आपोआप ताठ होते.

यंदा मात्र धाराशिवच्या आत्याबाई आल्या. आण्णांच्या सख्ख्या आत्या. घरात आता त्यांच्याहून मोठं कुणी नाही, त्यामुळं त्यांचा शब्द शेवटचा. आत्याबाई मनानं वाईट नाहीत, पण जिभेला हाड नाही. मी जळकोटला असताना, "धाकटीचं लेकरू मोठीनं पळवलं," हे वाक्य पहिल्यांदा त्यांनीच एका लग्नाच्या पंगतीत म्हटलं होतं. स्वतःला नाही म्हणून दुसरीचं ओढून घेतलं. ते वाक्य कळंबभर फिरलं आणि बरीच वर्षं फिरत राहिलं. माझ्या कानावर आलं की मी भांडायची. ताई कधी त्यावर एक अक्षर बोलल्या नाहीत.

तर आत्याबाईंनी आरास पाहिली आणि जाहीर केलं, की लक्ष्मीपुढं ही जनावरं बसायची नाहीत. आण्णांनी त्यांच्यापुढं कधी मान वर केलेली नाही, ते मोंढ्यात काम निघालं म्हणून निघून गेले. मला वाटलं, आता ताई पुरावा विचारणार. पण सणाच्या दिवशी वडीलधाऱ्याशी वाद नको म्हणून असेल, त्यांनी पदर खोचला आणि एकेक उचलून कपाटात ठेवायला सुरुवात केली. राजासॉरससुद्धा गेला. वर्षभर पिसं धुऊन केलेली आरास होती ती.

एकीला मात्र त्यांनी हात लावला नाही. ती या वर्षीची नवीन. शाडूची, कोंबडीपेक्षा मोठी, चोच असलेली, लांबट अंड्यांच्या कड्यात मधोमध बसलेली, पिसांचे दोन्ही हात अंड्यांवर पसरून.

"हिला ऱ्हाऊ द्या, आत्याबाई," ताई म्हणाल्या. "हिला उठवायचं न्हाय."

आत्याबाईंनी चष्मा सारखा केला. "ही काय करती अंड्यांवर? खाती का?"

ताई तिथंच पाटाशेजारी बसल्या आणि त्यांनी सांगायला घेतलं. दूर एका वाळवंटात हे जनावर अंड्यांजवळ दगड झालेलं सापडलं. शोधणाऱ्यांना वाटलं, दुसऱ्याची अंडी चोरायला आलं आणि तिथंच मेलं. म्हणून त्याचं नावच ठेवलं अंडीचोर. पुस्तकांत तसंच छापलं, चित्रांत तोंडात अंडं दाखवलं. पुढं कितीतरी वर्षांनी तसल्याच एका अंड्यात पिल्लू सापडलं, तर ते याच जातकुळीतलं. मग आणखी काही सापडली, अशीच, हात पसरून बसलेली. वरून वाळू आली, गाडली गेली, पण अंडी सोडून उठली नाहीत.

हळदीकुंकवाला आलेल्या बाया ऐकत होत्या. आत्याबाई म्हणाल्या, "मंग नाव बदललं असंल."

"न्हाय. एकदा ठेवलेलं नाव बदलत न्हाईत, तसा नियमच हाय त्यांचा. अजून चोरच म्हणत्यात तिला."

आत्याबाईंचा हात गुडघ्यावरून खाली आला. त्या हळूच म्हणाल्या, "आईच हुती म्हणायची."

इथं ताईंनी नुसतं व्हय म्हटलं असतं तरी भागलं असतं. सगळ्या बायांना तेच ऐकायचं होतं, मलाही. पण ताई त्या ताईच.

"तेबी सांगता येत न्हाय, आत्याबाई. काहीजण म्हणत्यात नर बसायचा. आई हुती का बाप, सगळी अंडी तिचीच हुती का आणखी कुणाची, एवढं दगड बोलत न्हाय. ती बसली हुती आन् उठली न्हाय, एवढंच नक्की."

आत्याबाई पुढं सरकून त्या शाडूच्या जनावराला जवळून न्याहाळू लागल्या. मग त्यांनी करंड्यात बोट बुडवलं आणि त्याच्या कपाळाकडं नेलं. ताई घाईनं म्हणाल्या, तिला नको, माती आहे, डाग निघायचा नाही. आत्याबाईंचं बोट क्षणभर तसंच हवेत राहिलं. मग त्यांनी ते ताईंच्या कपाळाला टेकवलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "कपाटातली बाकीची जनावरं आण गं बाहीर."

मी इतक्या घाईनं आणली की काळ-वेळ सगळं चुकलं, आणि ताईंनी डोळे पुसत पुसत माझी एकेक चूक दुरुस्त केली.

दिवस मावळता बाया गेल्या. ऋतूची परीक्षा होती म्हणून ती सकाळी न येता पुण्याहून रात्री पोचणाऱ्या गाडीनं येणार होती. आम्ही दोघी उष्टी काढत होतो. मी विचारलं, ताई, तेव्हा लोक म्हणायचे ते तुमच्या कानावर यायचं का?

"न यायला काय झालं? गाव केवढंसं." ताई वाट्या एकात एक घालत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू शनिवारी यायचीस बघ जळकोटाहून. तुझी गाडी यायची येळ झाली की म्या मारुतीला जायची. म्या घरात असले की पोरीची लई ओढाताण व्हायची. तुझ्याकडं धावायची, आन् मधीच थांबून माझ्याकडं बघायची. म्हणून देवळात बसायची. तुमची दोघींची गळाभेट झाली असंल असं वाटलं की यायची घरी."

ताई देवाधर्माच्या फारशा नाहीत, त्यांचं मारुतीचं तेवढं कसं चुकत नाही याचं मला कित्येक वर्षं नवल वाटत आलं होतं. त्या पायरीवर त्या काय करत बसायच्या, कुणाशी बोलायच्या, मला ठाऊक नाही. एकटीच बसत असणार. माझ्या लेकीला अशा बाईनं वाढवलंय, आणि मला याचा जेवढा अभिमान आहे तेवढा दुसऱ्या कशाचा नाही.

तेवढ्यात ऋतूचा फोन आला. स्टँडवर उतरले, रिक्षात बसतेय. मी हात धुतले, पदर सारखा केला आणि दाराशी जाऊन चपला घातल्या.

ताईंनी आतून विचारलं, "आता या येळंला कुठं निघाली?"

"मारुतीला."

"आज काय शनिवार हाय व्हय?"

मी अंगणात उतरले. कोपऱ्यावर रिक्षा वळताना दिसली, तशी मी मागच्या गल्लीनं देवळाकडं निघाले.